कोकम सावर बिअर: मुद्दाम आंबवलेली की बिघडलेली, हे कसे ओळखावे?

पश्चिमरेल्वे

नमस्कार मंडळी,

मी एरवी लागर (नेहमीची साधी बिअर) किंवा फार तर गव्हाची बिअर घेणारा माणूस आहे, त्यामुळे फळ घातलेल्या आंबट बिअरशी माझी ओळख नवीच आहे. अलीकडे लोअर परळमधील एका ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर तेथेच बनवणाऱ्या बारमध्ये, फळ्यावर ‘कोकम सावर’ (सावर म्हणजे आंबट बिअर) असे लिहिलेले दिसले आणि आजोळ वेंगुर्ल्याचे असल्यामुळे मोह आवरला नाही. समोर आलेल्या बिअरचा रंग सुरेख गुलाबी-लाल होता, फेस मात्र ग्लास टेबलावर टेकेपर्यंत विरूनही गेला. पहिल्याच घोटाला कानशिलांत कळ यावी इतका आंबटपणा जाणवला, त्यामागून किंचित खारटपणा आला आणि शेवटी नाकाकडे चढणारा एक उग्र वास आला, जो मला व्हिनेगरचा वाटला. सोबतच्या दोघांचे म्हणणे पडले की बिअर बिघडली आहे, तर तिसऱ्याने आपला ग्लास आवडीने संपवून माझ्या ग्लासाकडे पाहायला सुरुवात केली. वाढणाऱ्या मुलाला विचारले, तेव्हा ‘सर, ही अशीच असते’ एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर अंधेरीत दुसऱ्या एका ठिकाणी हापूस घातलेली सावर चाखली. तिचा आंबटपणा सौम्य होता आणि ग्लास नाकाजवळ नेताच आंब्याचा वासही येत होता, पण जिभेवर गोडवा नावालाही नव्हता.

मला विचारायचे आहे ते असे की, या बिअरमधील आंबटपणा फळातून येतो की मुळात बिअरमधूनच. मुद्दाम आणलेला आंबटपणा आणि बिघाडातून आलेला आंबटपणा वेगळे ओळखण्यासाठी नेमके काय हुंगावे आणि काय चाखावे. आणि हापूससारखे गोड फळ घालूनही बिअर गोड का लागत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन. ‘बिअर पिऊच नका’ हा सल्ला मला घरून नियमित मिळतो, त्यामुळे तो येथे दिला नाही तरी चालेल.

आंबटगोड

पश्चिमरेल्वे, जिभेवरचा आंबटपणा आणि नाकाकडे चढलेला वास या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत आणि तपासायच्याही त्या वेगवेगळ्याच असतात. मी ब्रूअरीत नाही, दुग्धपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते, पण येथे ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते जिवाणू दोन्हीकडे सारखेच आहेत.

सावर बिअरचा आंबटपणा मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा असतो आणि हे आम्ल लॅक्टोबॅसिलस वर्गातील जिवाणू माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) साखरेपासून तयार करतात. ब्रूपबच्या जागेत आणि वेळेत जी पद्धत बसते तिला केटल सावर म्हणतात. माल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, एकदा उकळून साधारण 35 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत निववतात, त्यात लॅक्टोबॅसिलस सोडतात आणि एक-दोन दिवस त्या उबेतच ठेवतात. हवा तेवढा आंबटपणा आला की तो काढा पुन्हा उकळतात, त्यामुळे जिवाणू मरतात आणि आंबटपणा तेथेच थांबतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुले, या टप्प्यानंतर आणि तेही अगदी बेताने घालतात, कारण हॉप्समधील कडू द्रव्ये लॅक्टोबॅसिलसची वाढ रोखतात. सावर बिअरमध्ये कडूपणा जवळजवळ नसतो त्याचे एक कारण हेच आहे. पुढे यीस्ट घालून नेहमीसारखे किण्वन होते आणि फळाचा गर बहुधा त्या किण्वनाचा जोर ओसरल्यावर टाकीत जातो. म्हणजे फळ येईपर्यंत बिअर आंबट झालेलीच असते.

साध्या लागरचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 4.2 ते 4.6 असतो आणि सावरचा बहुधा 3.2 ते 3.5 इतका खाली येतो. पण या आकड्यावर फार विसंबू नये. घरच्या दह्याचा सामूही 4.5 च्या आसपासच असतो, तरीही दही लागरपेक्षा कितीतरी आंबट लागते, कारण जिभेला जाणवणारा आंबटपणा सामूपेक्षा एकूण आम्लाच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असतो. ब्रूअरीच्या पत्रकावर सामूचा आकडा मिरवलेला दिसला, तर त्यावरून बिअर किती आंबट लागेल याचा अंदाज बांधू नये.

आता व्हिनेगरच्या वासाकडे वळते. लॅक्टिक आम्लाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्याचा आंबटपणा जिभेच्या कडांवर स्वच्छ जाणवतो आणि घोट गिळल्यावर थोड्या वेळात ओसरतो. व्हिनेगरमधील असेटिक आम्ल मात्र उडून नाकात जाते, घशाला झोंबते आणि मागे रेंगाळते. असेटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि केटल सावरमध्ये आंबवण्यानंतर काढा उकळलेला असल्यामुळे ते तोवर जिवंत राहिलेले नसतात. म्हणून कोकम सावरमध्ये खरोखर व्हिनेगरचा वास येत असेल, तर तो दोष पुढच्या प्रवासात, म्हणजे टाकीत हवा शिरल्यामुळे, केगमध्ये (बिअरच्या पिंपात) किंवा नळाच्या तोंडाशी आलेला असण्याची शक्यता जास्त आहे. पावसाळ्यात मुंबईतील कोणत्याही बारच्या नळाभोवती चिलटे घोंगावताना दिसतात. ती हे जिवाणू अंगावर घेऊन फिरतात. बेल्जियमच्या फ्लँडर्समधील लाल बिअर लाकडाच्या मोठ्या पिंपांत दीर्घकाळ मुरवतात, तिच्यात व्हिनेगरची हलकी छटा शैलीचाच भाग मानली जाते. पण तो अपवाद गुलाबी कोकम सावरला लागू करता येत नाही.

आणखी दोन वास ओळखून ठेवावेत. आंबवण्याच्या टप्प्यात भलतेच जिवाणू शिरले तर ब्युटिरिक आम्ल तयार होते आणि त्याचा वास तान्ह्या बाळाने काढलेल्या दुधाचा असतो. असा वास आला तर ग्लास तेथेच ठेवून द्यावा, कारण त्याचे समर्थन करता येईल अशी कोणतीही शैली निदान फळांच्या सावरमध्ये नाही. दुसरा वास लोण्याचा. तो डायअसेटिलमुळे येतो आणि अस्वच्छ नळवाहिनीतून आलेल्या बिअरमध्ये तो पुष्कळदा सापडतो. फेस लगेच विरला याचा मात्र दोष मानू नका. लॅक्टोबॅसिलसच्या काही जाती फेस धरून ठेवणारी प्रथिने तोडतात, त्यामुळे केटल सावरचा फेस मुळातच अल्पायुषी असतो.

हापूसविषयी थोडक्यात सांगायचे, तर पिकलेल्या हापूसच्या गरात साखर भरपूर असते, पण ती जवळजवळ सगळी यीस्ट खाऊन टाकते. उरतो तो वास, आणि किण्वनात सुटणाऱ्या कर्बवायूबरोबर त्यातलाही बराच उडून जातो. काही ब्रूअर गोडव्यासाठी लॅक्टोज घालतात, कारण दुधातील ही साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही. दूध न सोसणाऱ्यांनी त्याची चौकशी आधी करावी.

कोंकणदिवा

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी ‘फळ येईपर्यंत बिअर आंबट झालेलीच असते’ हे विधान हापूसला जितके लागू पडते तितके कोकमाला पडत नाही, असे मला वाटते. पिकलेल्या हापूसमध्ये आम्ल अगदी कमी असते, त्यामुळे तेथे आंबटपणाचा सगळा भार जिवाणूंवर पडतो. कोकमाच्या सालीत स्वतःचेच आम्ल इतके असते की ब्रूअरने नेहमीच्या मापाने बिअर आंबवली आणि त्यावर कोकम ओतले, तर कानशिलांत कळ येणारच. ज्याला कोकमाची सवय आहे तो ब्रूअर लॅक्टिक आंबवणे आधीच थांबवतो आणि उरलेली जागा कोकमाला ठेवतो. मुंबईत मी चाखलेल्या कोकम सावरमध्ये हे भान फार थोड्या ठिकाणी दिसले. बाकी ठिकाणी दोन आंबट चवी एकमेकींवर ओरडत असतात आणि गिऱ्हाईक त्यालाच कोकमाचा तडाखा समजते.

कोकम कोणत्या रूपात घातले आहे, हेही विचारावे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पाऊस लागला की हंगाम संपतो. म्हणून वर्षभर बिअर करायची तर ब्रूअरसमोर आगळ (कोकमाचा दाट रस), आमसुले किंवा गोठवून ठेवलेल्या साली एवढेच पर्याय राहतात. आगळात मीठ आधीच असते. तुम्हाला जो किंचित खारटपणा जाणवला तो ब्रूअरने वेगळे मीठ घालून आणलेला असेल किंवा आगळाबरोबर आपोआप आलेला असेल. आमसुले उन्हात वाळलेली असल्यामुळे त्यांचा रंग काळपट उतरतो आणि चवीला एक खोल, वाळवणाची बाजू येते. तुमच्या ग्लासातील स्वच्छ गुलाबी-लाल रंग पाहता तेथे आगळ किंवा ताज्या साली असाव्यात, असा माझा कयास आहे. कोकमाचा लाल रंग आम्लात खुलतो, म्हणूनच तो साध्या बिअरपेक्षा सावरमध्ये अधिक शोभतो.

मीठ घातलेली आंबट बिअर ही मुंबई-पुण्याची कल्पना नाही. जर्मनीत गोस्लार गावावरून नाव पडलेली आणि पुढे लाइपझिगमध्ये रुजलेली गोझे ही बिअर मीठ आणि धने घालूनच करतात. 1966 मध्ये तिचे उत्पादन बंद पडले आणि 1980 च्या दशकात ते पुन्हा सुरू झाले. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची खारी कोकम एल याच वाटेवरची आहे, आणि बिरा 91 नेही मर्यादित काळासाठी कोकम सावर बाजारात आणली होती. अर्थात कोकम, मीठ आणि धने-जिरे हे त्रिकूट आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच नांदत असल्यामुळे गोझेची चव आपल्याला लाइपझिगच्या पाहुण्यापेक्षा लवकर समजायला हरकत नाही.

तरीसुद्धा कोकम सावरकडून सोलकढीची अपेक्षा ठेवू नये. सोलकढीतला नारळाचा रस आंबटपणाची धार बोथट करतो. बिअरमध्ये तसे स्निग्ध काहीच नसते, उलट कर्बवायू ती धार वाढवतो.

गिरणीचा भोंगा

सर्वांचे प्रतिसाद वाचले, आणि तरीही मला असे म्हणावेसे वाटते की फळांच्या सावरपैकी बऱ्याचशा बिअर म्हणजे महागडी सरबते आहेत. फळाचा गर ओतला की खालची बिअर कशी आहे हे कुणाला कळत नाही. रंग फोटोत छान येतो आणि पिंटची किंमतही वाढवता येते. ज्याला सावर समजून घ्यायची आहे त्याने आधी फळ नसलेली सावर चाखावी. अशी बिअर जे ठिकाण फळ्यावर लिहीतच नाही, त्याच्या फळांच्या सावरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आंबटगोड

कोंकणदिवा, कोकमाच्या स्वतःच्या आम्लाविषयीचा मुद्दा मान्य आहे. रासबेरी आणि पॅशनफ्रूट यांनाही तो लागू पडतो. त्यांचे सायट्रिक आम्ल लॅक्टिकपेक्षा अधिक तीक्ष्ण लागते आणि जिभेवर लवकर येते. दोन टप्प्यांत येणारा आंबटपणा जाणवला, तर त्यातील पहिला बहुधा फळाचा असतो.

गिरणीचा भोंगा, फळाविना सावर आधी चाखावी हा सल्ला चांगला आहे, पण त्यामागच्या तर्काशी मी सहमत नाही. आंबट बिअर आणि फळ यांची सोबत जुनी आहे. बर्लिनमध्ये सुमारे 3 टक्के अल्कोहोलची बर्लिनर वाइसे ग्लासात रासबेरीचे किंवा वुडरफ या वनस्पतीचे सरबत घालून देण्याची रीत आहे; तुमच्या कसोटीने ते नक्कीच सरबत ठरेल. पण ब्रुसेल्सच्या परिसरातील लँबिक पाहा. तेथे उकळलेला वर्ट उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवू देतात, हवेतील आणि इमारतीतील यीस्ट व जिवाणू त्यात आपोआप उतरतात आणि लाकडी पिंपांत ते काम वर्षानुवर्षे चालते. क्रीक ही चेरीची बिअर करताना याच लँबिकमध्ये आंबट चेरी आठळ्यांसकट घालून कित्येक महिने मुरवतात, त्यामुळे साखर उरत नाही, पण आठळीतून बदामाची छटा मात्र येते. ब्रुसेल्सची काँतियाँ ही ब्रूअरी 1900 मध्ये स्थापन झाली आणि तिची क्रीक चाखल्यावर फळाने खालची बिअर झाकली, असे कुणी म्हणणार नाही. दोष फळाचा नाही. ते केव्हा घातले आणि त्याला किती वेळ दिला, यावर सारे अवलंबून आहे. लँबिकची पद्धत मात्र आपल्या हवेत जमणारी नाही. तेथेही ते काम थंडीच्या महिन्यांतच करतात, कारण उन्हाळ्यात काढा रात्रीतून पुरेसा निवत नाही आणि नको ते जिवाणू शिरजोर होतात. मुंबईची डिसेंबरमधली रात्रसुद्धा त्या कामाला उबदारच म्हणावी लागेल.

पश्चिमरेल्वे

सर्वांचे मनापासून आभार. व्हिनेगरच्या वासाचा उलगडा झाला आणि फेसाविषयीचा माझा गैरसमजही दूर झाला. आता प्रश्न व्यवहाराचा उरतो. पुन्हा अशी बिअर समोर आली, तर वाद न घालता ती तपासावी कशी आणि परत कशी करावी? शिवाय तिच्याबरोबर काय खावे, हेही कुणी सांगितले तर बरे होईल. त्या दिवशी आम्ही चखणा म्हणून चिकन चिली मागवले होते आणि बिअर आणि चिली या दोन्हींनी मिळून तोंड चांगलेच पोळले.

नळावरचा

मी काही वर्षे उपनगरातील एका टॅपरूममध्ये बारमागे उभा राहिलो आहे, म्हणून व्यवहाराच्या बाजूने लिहितो.

पूर्ण पिंट मागवण्याआधी चव घेण्यापुरती थोडी बिअर मागावी. बहुतेक ब्रूपबमध्ये ती कुरकुर न करता देतात, आणि जेथे नाही म्हणतात तेथे सावर घेऊ नये. नळातून येणारी बिअर 3-4 अंशांवर असते आणि त्या थंडीत वास दबलेला राहतो, म्हणून ग्लास तळहातात धरून दोन-तीन मिनिटे थांबावे. घोट घेण्याआधी हुंगावे, कारण आंबट घोट एकदा पोटात गेला की नाक आणि जीभ यांची गल्लत सुरू होते. पहिल्या घोटावरून मत बनवू नये. तोंडाला आंबटाची तयारी नसते, लाळ सुटते आणि कोणतीही सावर पहिल्यांदा जहाल वाटते. एक घोट पाणी प्यावे आणि दुसऱ्या घोटावर निकाल द्यावा. दुसऱ्या घोटालाही घसा झोंबला आणि वास टिकून राहिला, तर तुमची तक्रार रास्त आहे.

त्यानंतर त्याच नळपट्टीवरील एखाद्या साध्या बिअरचा, शक्यतो लागरचा, छोटा घोट मागावा. तिलाही लोण्याची किंवा व्हिनेगरची छटा असेल, तर दोष ब्रूअरचा नसून नळांच्या देखभालीचा आहे, हे जवळजवळ निश्चित होते. नळवाहिन्या दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवाव्यात, असा या धंद्यातला संकेत आहे. प्रत्यक्षात शनिवार-रविवारच्या गर्दीत तो पुढे ढकलला जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. सावरच्या वाहिनीचे विशेष असे की तिच्यात बिघाड झाला तरी गिऱ्हाईक तो चवीचाच भाग समजून पिऊन टाकते, त्यामुळे तक्रार उशिरा येते आणि वाहिनी आणखी खराब होते. ‘ही अशीच असते’ हे उत्तर त्यातूनच रुळले आहे. त्याऐवजी वाढणाऱ्याला ‘हा केग कधी लावला?’ असे विचारावे. लागरच्या मानाने सावरला उठाव कमी असतो, केग बरेच दिवस लावलेला राहतो आणि नळाच्या तोंडाशी साचलेली बिअर तेथेच आंबत राहते. दिवसाचा पहिला ग्लास सावरचा असेल, तर थोडी बिअर आधी सोडून द्यायला सांगण्यात काहीही गैर नाही. परत करताना ‘आंबट आहे’ असे म्हणू नये, कारण त्यावर ‘सावरच आहे’ हे उत्तर ठरलेले असते. ‘व्हिनेगरचा वास येतो आहे’ असे म्हटले की मॅनेजर स्वतः येऊन हुंगतो.

ग्राउलरमधून, म्हणजे नळावरची बिअर भरून नेण्याच्या बाटलीतून, सावर घरी नेणार असाल, तर फळाच्या बिअरविषयी एक खबरदारी घ्यावी. गरातील साखर पूर्ण आंबलेली नसेल तर बाटली उबेत राहिल्यास किण्वन पुन्हा सुरू होते आणि बाटलीत दाब वाढतो. लोकलच्या गर्दीतून तासभर नेण्याची ती वस्तू नाही. घरी नेल्याबरोबर ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.

चिकन चिलीविषयी सांगायचे, तर आम्ल आणि कर्बवायू या दोन्हींमुळे मिरचीचा जाळ अधिक जाणवतो, त्यामुळे तुमचे तोंड पोळले यात नवल नाही. सावरबरोबर तळलेले, स्निग्ध आणि फारसे तिखट नसलेले पदार्थ चांगले लागतात. रव्यात घोळवलेले बोंबील किंवा तळलेली कोळंबी घेऊन पाहावी. तेलकटपणा बिअर कापते आणि तळणीमुळे बिअरची धारही कमी होते. मासळीबरोबर येणारी लिंबाची फोड मात्र बाजूला ठेवावी, नाहीतर बिअरमधले फळ कळणारच नाही. हापूसच्या सावरला खारे काजू पुरतात.

कोंकणदिवा

नळावरचा, केग कधी लावला हे विचारण्याची युक्ती आवडली. त्याला एक पुस्ती जोडतो. कोकमाच्या बिअरमध्ये रंगही थोडी साक्ष देतो, कारण कोकमाची लाली काळाबरोबर उतरून तपकिरीकडे झुकते. आगळ वापरले आहे असे सांगूनही ग्लासात विटकरी रंग दिसला, तर केगचे वय विचारायलाच हवे. पश्चिमरेल्वे यांचा ग्लास गुलाबी होता, म्हणजे बिअर बहुधा ताजी होती आणि संशय नळावरच जातो. शक्य असल्यास त्यांनी त्याच ठिकाणी आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, केग नुकताच बदलला असताना, ती पुन्हा चाखून पाहावी आणि वास कसा येतो ते येथे कळवावे.